दांडा गेला, हाफ क्लच राहिला

नायजेल मॅन्सेलनं परतीच्या विमानाचं तिकीट लवकरचं काढलं होतं. २६ मार्च १९८९. रिओ द जानेरोच्या जाकारेपाग्वा सर्किटवर मोसमातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती आणि फेरारीकडून त्याची ही पहिलीच. नवी गाडी चाचण्यांमध्ये सारखी बंद पडत होती, पूर्ण शर्यतीचं अंतर ती कधी धडपणे धावली नव्हती. तेव्हा शर्यत अर्ध्यात सुटेल आणि निवांत विमानतळ गाठता येईल, असा त्याचा हिशोब. तो हिशोब चुकला. मध्येच स्टिअरिंग सैल झालं, पिटमध्ये येऊन ते बदलून घ्यावं लागलं, तरी ६१ फेऱ्यांनंतर मॅन्सेल पहिला आला.

ती गाडी म्हणजे फेरारी ६४०. तिला गिअरचा दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन छोट्या पट्ट्या होत्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. मोबाइलवर एखादा रेसिंग गेम खेळलेल्या कुणालाही आज यात नवल वाटणार नाही. शर्यतीची गाडी म्हटली की पट्ट्याच. पण त्या दिवशी ग्रिडवर उभ्या असलेल्या बाकी सगळ्या गाड्यांमध्ये उजव्या हाताशी दांडा होता आणि त्यांचे ड्रायव्हर प्रत्येक वळणाला एक हात स्टिअरिंगवरून काढत होते.

मला या गोष्टीत दोन प्रश्न पडतात. तो दांडा नेमका कशासाठी काढला? आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं? पहिल्याचं उत्तर अनपेक्षित आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला या खेळाला पुढची तीसेक वर्षं लागली, आणि ते उत्तर सारखं बदलत राहिलं.

आधी थोडं यंत्र

इंजिनाची एक खोड असते. ते ठरावीक वेगानं फिरत असतं तेव्हाच जोर देतं. फार हळू फिरलं तर बंद पडतं, फार जोरात फिरलं तर फुटतं. चाकांना मात्र शून्यापासून ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत सगळे वेग हवे असतात. या दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स, आणि दोघांना तात्पुरतं वेगळं करणारा तो क्लच.

क्लच म्हणजे मुळात एकमेकींवर दाबलेल्या चकत्या. काही इंजिनाबरोबर फिरतात, काही गिअरबॉक्सबरोबर. दाब काढला की त्या सुटतात, दाब दिला की एक होतात. खरी कसरत या दोन अवस्थांच्या मधली. घाटात चढावर गाडी थांबली आहे, मागे एसटी चिकटून उभी आहे, आणि तुम्ही पेडल हळूहळू सोडत त्या एका जागी आणता जिथे गाडी मागेही जात नाही आणि बंदही पडत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे काका तिला 'हाफ क्लच' म्हणतात. फार वेळ तिथेच राहिलात तर जळकट वास येतो. तो शब्द आणि तो वास लक्षात असू द्या, पुढे दोन्ही लागणार आहेत.

फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोरनं १८९१च्या सुमारास मोटारीची जी मांडणी केली, तीत पुढे इंजिन, मग क्लच, मग एकमेकांत सरकणारी दातेरी चाकं होती. फिरत्या चाकात फिरतं चाक घुसवायचं म्हणजे करकर आवाज व्हायचा, दाते झिजायचे. हे रांगडं आहे पण चालतं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १९२८ साली कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. त्यात गिअर एकमेकांत अडकण्याआधी त्यांचे वेग घर्षणानं जुळवले जातात. तुमच्या-आमच्या गाडीत गिअर लोण्यासारखा पडतो तो त्यामुळे.

शर्यतीच्या गाडीला ही सभ्यता परवडत नाही. वेग जुळवण्यात वेळ जातो. तिच्यात गिअरच्या बाजूला मोजके, जाड, खणखणीत दाते असतात. त्यांना डॉग म्हणतात. जोरात ढकलायचे, अडकले की अडकले. वेग जुळवायची जबाबदारी मग ड्रायव्हरची. खालचा गिअर टाकताना चवड्यानं ब्रेक दाबून ठेवायचा, त्याच पायाची कड अॅक्सिलरेटरवर मारून इंजिनाचे फेरे वाढवायचे, डाव्या पायानं क्लच, उजव्या हातानं दांडा, डाव्या हातानं वळण. मोनॅकोच्या गल्लीबोळात हे एका फेरीत कित्येकदा आणि अशा सत्तरहून जास्त फेऱ्या. एकदा जरी तिसऱ्याऐवजी पहिला पडला तर मागची चाकं इंजिनाला झेपणार नाही इतकं फिरवतात आणि वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शर्यत तिथेच संपते. गिअर चुकणं हा त्या काळात हरण्याचा एक नेहमीचा मार्ग होता. त्यामुळे तो न चुकणं हे जिंकण्याचं कौशल्य होतं.

जागा हवी होती

हे काम सोपं करण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. १९३०च्या दशकात ईआरए या ब्रिटिश गाड्यांमध्ये वॉल्टर विल्सनचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स असे. पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की पेडल दाबायचं. १९७४च्या लोटस ७६मध्ये दांड्याच्या मुठीवर क्लचसाठी बटण होतं. ते फार टिकलं नाही. १९७९ साली फेरारीच्या माउरो फोर्गिएरीनं स्टिअरिंगवर गिअरची बटणं बसवली आणि जिल व्हिलनव्हकडून ती गाडी चालवून घेतली. व्हिलनव्हला दांडाच बरा वाटला. ते प्रकरण तिथेच थांबलं.

दहा वर्षांनी ते पुन्हा काढलं जॉन बार्नार्डनं. हा इंग्लिश डिझायनर. मॅक्लॅरनसाठी १९८१ साली कार्बन फायबरचा सांगाडा त्यानं केला होता. फेरारीनं बोलावलं तेव्हा इटलीत राहायला त्यानं नकार दिला. मग फेरारीलाच त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला ऑफिस थाटावं लागलं. तिथे बसून त्यानं ६४० आखली. त्याला गाडी अरुंद हवी होती. आणि दांडा आडवा येत होता.

दांडा म्हणजे नुसती मूठ नसते. त्याच्या खालून एक रॉड निघतो, तो सीटच्या बाजूनं, इंधनाच्या टाकीला वळसा घालून, इंजिनाला चुकवत थेट मागे गिअरबॉक्सपर्यंत जातो. शिवाय मूठ हलवायला ड्रायव्हरच्या मनगटाला आणि कोपराला जागा लागते. तेवढ्यासाठी कॉकपिट फुगतो आणि हवेला अडथळा होतो. बार्नार्डचा विचार सरळ होता. रॉडऐवजी वायर टाकली तर ती कशीही वळवता येईल. ड्रायव्हरनं विजेचा संदेश द्यावा, मागे तेलाच्या दाबानं गिअर हलावा. पट्ट्या स्टिअरिंगवर गेल्या कारण बोटं तिथेच असतात. क्लचचं पेडल होतं, पण ते गाडी हलवण्यापुरतं.

इतिहासात पाठ्यपुस्तकी कारणं शोधायची आपल्याला सवय असते, म्हणून मला हा तपशील आवडतो. गिअर झटपट पडणं, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहणं, चुकीचा गिअर न पडणं हे सगळे फायदे बार्नार्डला कळत होतेच. पण सुरुवात झाली ती काही सेंटिमीटर जागेवरून.

फेरारीत या यंत्रावर सगळ्यांचा विश्वास नव्हता. एन्झो फेरारी १४ ऑगस्ट १९८८ला गेला होता आणि फियाटच्या वरिष्ठांना जुना दांडा परत हवा होता. बार्नार्ड अडून बसला. रिओच्या विजयानं तो बरोबर ठरला असं वाटेपर्यंत पुढच्या शर्यतींमध्ये गाड्या पुन्हा बंद पडू लागल्या. सगळे गिअरबॉक्सकडे बोट दाखवत होते. बार्नार्डनं नंतर सांगितलं की दोष दुसरीकडेच होता. व्ही-१२ इंजिनाचा क्रँकशाफ्ट जोरात फिरताना थरथरायचा, त्यानं अल्टरनेटरचा पट्टा उडून जायचा. वीज गेली की विजेवर चालणारा गिअरबॉक्स आधी मान टाकणार. आजारी एक आणि औषध दुसऱ्याला, असा तो प्रकार. त्या मोसमात मॅन्सेल आणि गेरहार्ड बर्गर मिळून नऊ वेळाच शर्यत पूर्ण करू शकले. पण त्या नऊही वेळा ते पहिल्या तिघांत होते.

बर्गरची गोष्ट वेगळीच. एप्रिलमध्ये इमोलाला त्याची गाडी भिंतीवर आदळून पेटली. हात भाजले. मोनॅकोची एक शर्यत बुडली आणि मेक्सिकोला तो परत गाडीत बसला. भाजलेल्या हातानं दांडा ओढणं त्याला कितपत जमलं असतं? पट्ट्या बोटांनी चालत होत्या.

१९९१चे दोन रविवार

दोन वर्षांत विल्यम्सनंही पट्ट्या घेतल्या आणि मॅन्सेल विल्यम्सकडे गेला. मॅक्लॅरन मात्र १९९१मध्येही दांड्यावरच होती. मार्चमध्ये ब्राझीलची शर्यत साओ पावलोला, इंटरलागोसला झाली. आयर्टन सेनाला घरच्या लोकांसमोर सात प्रयत्नांत एकदाही जिंकता आलं नव्हतं. हा आठवा. तो पुढे होता आणि त्याचा चौथा गिअर गेला. मग बाकीचेही जाऊ लागले. शेवटच्या काही फेऱ्यांत त्याच्याकडे फक्त सहावा उरला होता.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टॉपच्या गिअरवर गाडी चालवून बघा म्हणजे कल्पना येईल. हळू वळणावर इंजिन कण्हतं, बंद पडू बघतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, म्हणून गाडी वळणाकडे ढकलली जाते. वरून पाऊस सुरू झाला. मागे रिकार्डो पत्रेसे येत होता. सेना तीन सेकंदांहूनही कमी फरकानं जिंकला. खांदे आणि हात इतके आखडले होते की गाडीतून उतरायला मदत लागली. पोडियमवर ट्रॉफी डोक्यावर न्यायला त्यानं केलेली धडपड आजही व्हिडिओत बघवत नाही.

त्याच शर्यतीत त्याचा पाठलाग करणारा मॅन्सेल गिअरबॉक्समुळेच बाद झाला होता. पत्रेसेलाही गिअर त्रास देत होते. म्हणजे त्या दिवशी दांडा आणि पट्ट्या दोन्ही आजारी होत्या.

दुसरा रविवार जूनमधला, कॅनडाचा. मॅन्सेल जवळजवळ मिनिटभर पुढे. शेवटची फेरी. तो लोकांना हात हलवू लागला आणि अर्ध्या फेरीवर गाडी थांबली. नेल्सन पिके शेजारून गेला आणि जिंकला. मॅन्सेलचं म्हणणं, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये गेला. इतरांचं म्हणणं, हात हलवण्याच्या नादात त्यानं इंजिनाचे फेरे इतके उतरू दिले की सगळी यंत्रणाच बसली. कोणाचं खरं, यावर चाहते आजही भांडतात. मला त्यातला बदल महत्त्वाचा वाटतो. १९९१च्या आधी गिअर चुकला तर तो कुणाचा दोष हे विचारावं लागत नसे. आता ड्रायव्हर आणि गिअर यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी आलं होतं.

अॅक्टिव्हाचा पट्टा आणि बटणवाली सुरुवात

तो तिसरा म्हणजे संगणक. एकदा दांडा वायरनं बदलला की वायरच्या मधोमध संगणक बसवता येतो, आणि तो काय काय करू शकतो याला अंत राहत नाही.

१९९३ साली विल्यम्सनं गिअरच काढून टाकले. दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. पुल्यांचा व्यास चालता चालता बदलत राहायचा, त्यामुळे इंजिन कायम आपल्या आवडत्या वेगावर आणि गाडी हव्या त्या वेगावर. या तत्त्वाला सीव्हीटी म्हणतात. तुमच्या घरची अॅक्टिव्हा याच तत्त्वावर चालते. तरुण डेव्हिड कुल्थार्डनं ती गाडी चाचणीत चालवली. वळणावरही आवाज चढत-उतरत नव्हता, एकाच सुरात घुं-घुं. ती शर्यतीत उतरलीच नाही. १९९४च्या नियमांनी सीव्हीटीवर बंदी आणली.

२००१ साली उलटी गंमत झाली. इलेक्ट्रॉनिक मदत लपून वापरली जाते अशी शंका होती आणि ती पकडणं अवघड होतं. मग स्पेनच्या शर्यतीपासून नियामकांनी ती खुलीच केली. गिअर आपोआप पडू लागले. सुरुवात करायची तर बटण दाबून ठेवायचं आणि दिवे गेले की सोडायचं, बाकी सगळं संगणक बघेल. लगेच पुढच्याच, ऑस्ट्रियाच्या शर्यतीत चार गाड्या ग्रिडवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांत दोनदा जगज्जेता ठरलेला मिका हाकिनेनही होता. पुढे संगणक सुधारले आणि सगळ्यांच्याच सुरुवाती चांगल्या होऊ लागल्या. सगळ्यांच्याच चांगल्या म्हणजे कुणाचीच नाही. २००४पासून आपोआप गिअर आणि बटणवाली सुरुवात दोन्ही बंद झाली. पट्टी ओढायचा निर्णय पुन्हा बोटाचा.

पट्टी ओढल्यावर जे होतं ते मात्र वेगवान होत गेलं. आधी गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर तोडावा लागे, म्हणजे जुने दाते सुटत आणि नवे अडकत. तेवढा क्षण गाडी नुसती घरंगळे. २००५च्या सुमारास होंडाच्या मदतीनं बीएआर संघानं ती फटही बुजवली. पुढचा गिअर आधीचा सुटायच्या आत अडकतो. क्षणभर दोन्ही गिअर एकाच वेळी लागलेले असतात. साध्या गिअरबॉक्सचे यात तुकडे होतील. इथे नवा गिअर जोर घेतो तेव्हा जुन्या गिअरच्या दात्यांवरचा भार उलटा होतो, आणि दाते उतरत्या कडेवरून स्वतःच बाहेर ढकलले जातात. वेळ मिलिसेकंदांनी चुकली तर गिअरबॉक्स गेला. हे सांभाळणं माणसाच्या हाताला कधीच जमलं नसतं.

अशा यंत्राची चूकही माणसाच्या हातात नसते. २००७, पुन्हा इंटरलागोस. लुइस हॅमिल्टन पहिल्याच मोसमात जगज्जेता व्हायच्या बेतात होता. आठव्या फेरीत त्याची गाडी न्यूट्रलमध्ये अडकली. काही केल्या गिअर पडेना. मग जशी गेली तशी ती आपोआप परत आली, पण तोवर तो अठराव्या क्रमांकावर घसरला होता. पाचवा आला असता तर पुरलं असतं. तो सातवा आला आणि किमी रायकोनेन एका गुणानं जगज्जेता झाला. सेनानं त्याच सर्किटवर उरलेल्या एका गिअरशी झुंज दिली होती. हॅमिल्टनला वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता आलं नाही.

शेवटची जागा

आता त्या हाफ क्लचकडे येऊ. आजच्या फॉर्म्युला वन गाडीचा क्लच तळहातावर मावतो. व्यास दहा सेंटिमीटरहून कमी, आत कार्बनच्या अनेक चकत्या. त्यातून हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर जाते. धावताना वरचा गिअर टाकायला तो लागतच नाही. त्याचं खरं काम सुरुवातीच्या काही सेकंदांचं. कार्बनची पकड तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून हाफ क्लचची जागा प्रत्येक वेळी थोडी सरकलेली असते. थंड असेल तर एका जागी, तापला असेल तर दुसऱ्या.

पूर्वी ड्रायव्हरकडे क्लचच्या दोन पट्ट्या असत. इंजिनिअर आकडेमोड करून रेडिओवर सांगायचे की जागा इतकी ठेव. ड्रायव्हर एक पट्टी त्या जागी धरायचा आणि दुसरी पूर्ण ओढून ठेवायचा. दिवे गेले की दुसरी सोडून द्यायची. गाडी आपोआप नेमक्या हाफ क्लचवर. नियमांत एक जुनं कलम आहे की ड्रायव्हरनं गाडी एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय चालवायची. २०१५च्या बेल्जियम शर्यतीपासून ते कलम सुरुवातीला कडकपणे लावलं गेलं. रेडिओवर क्लचबद्दल बोलणं बंद झालं. २०१६पासून पट्टीही एकच.

परिणाम लगेच दिसला. २०१६मध्ये सगळ्यांत वेगवान गाडी मर्सिडीजची होती आणि तिच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या सुरुवाती फसत होत्या. मोन्झाला हॅमिल्टन पहिल्या जागेवरून निघाला आणि पहिली फेरी संपेपर्यंत सहावा होता. सुझुकाला दुसऱ्यावरून आठवा. निको रोसबर्गची जर्मनीत तीच गत झाली. मोसम संपला तेव्हा रोसबर्गचे ३८५ गुण होते, हॅमिल्टनचे ३८०. पाच गुणांची कारणं अनेक असतात, मलेशियात हॅमिल्टनचं इंजिन पेटलं हेही त्यात आलं. पण दोन बोटांनी किंचित चुकीच्या जागी सोडलेली पट्टीही त्यात आहेच.

म्हणून या इतिहासाकडे मी तंत्रज्ञानाच्या सरळ चढत्या रेषेसारखं बघत नाही. सीव्हीटी जमत होती, ती काढली. आपोआप गिअर जमत होते, तेही काढले. अचूक क्लच जमत होता, तो मुद्दाम पुन्हा अवघड केला. यंत्रानं जिथे जिथे चूक पुसली, तिथे नियम बसवणाऱ्यांना विचारावं लागलं की आता बघायला कुणी का यावं? माणूस चुकू शकतो अशी थोडी जागा राखून ठेवावी लागली. दांड्याची जागा बार्नार्डच्या कॉकपिटातून गेली ती गेलीच. हाफ क्लचची अजून शिल्लक आहे.

आपल्या रस्त्यांवर मात्र कुणाला अशी जागा राखायची नाही, आणि ते योग्यच आहे. ६४०च्या गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक्सवर बार्नार्डबरोबर मान्येती मारेल्ली या इटालियन कंपनीनं काम केलं होतं. १९९७ साली तीच कल्पना फेरारी एफ-३५५मधून रस्त्यावर आली. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ बाजारात आली, तिच्या एएमटी गिअरबॉक्सची यंत्रणाही मारेल्लीचीच. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणारा आणि गिअर हलवणारा मोटारींवर आणि तेलावर चालणारा यांत्रिक हात. पाच लाखांच्या आसपासच्या गाडीत मॅन्सेलच्या फेरारीचा हा दूरचा वारसदार बसला आहे. सिग्नलला डावा पाय दुखत नाही, चढावर एसटीची भीती नाही. गिअर पडताना गाडी जी एक छोटी डुलकी खाते, ती म्हणजे २००५ आधीच्या शर्यतीतली तीच जोर तुटण्याची फट.

फेब्रुवारी २०२३मध्ये हैदराबादला फॉर्म्युला ई शर्यत झाली. तिथे धावलेल्या विजेच्या गाड्यांना क्लच नव्हता आणि गिअर एकच. विजेची मोटार शून्यापासूनच जोर देते, तिला मध्यस्थ लागत नाही. आज जी मुलं अकरावी-बारावीत आहेत, त्यांतली बरीचशी लायसन्स काढतील आणि हाफ क्लच हा शब्द त्यांना कधी वापरावा लागणार नाही. तो शब्द ड्रायव्हिंग स्कूलमधून जाईल. वर्षातले वीसेक रविवार मात्र पाच लाल दिवे लागतील, एकेक ड्रायव्हर दोन बोटांत एक पट्टी धरून बसेल आणि दिवे गेल्यावर ती नेमकी किती सोडायची हे त्याचं त्यालाच ठरवावं लागेल.